समोर कोण होतं?

अश्वकाका तुमच्याही ओळखीचे आहेत. तुमच्याकडे ते क्रिकेटवर किंवा नाट्यसंगीतावर बोलत असतील. आमचे बेंगळूरचे, म्हणून घोड्यांवर. एचएएलमधून निवृत्त, घर मल्लेश्वरमला आणि रेसच्या दिवशी मुक्काम टर्फ क्लबच्या कठड्याला. पैज चहापाण्याच्या पैशांपुरतीच. "हा जुगार नव्हे, कौशल्याचा खेळ आहे; 1996 साली सुप्रीम कोर्टानं सांगितलंय," असं ते काकूंना ऐकवतात. काकू म्हणतात, "कौशल्य घोड्याचं, पैसे आपले."

पण त्यांच्यापुढे कुठल्याही घोड्याला थोर म्हणायची सोय नाही. मी म्हटलं, "फ्रँकेल! 14 शर्यती, 14 विजय."

"समोर कोण होतं? आणि इंग्लंडबाहेर पाऊल तरी टाकलं का त्यानं?"

"ब्लॅक कॅव्हियार? 25 पैकी 25."

"सगळ्या छोट्या पल्ल्याच्या. 2400 मीटर पळवा म्हणावं. आणि समोर कोण होतं?"

मग मी घरचाच घोडा काढला. इथल्याच रशीद बैरामजींनी तयार केलेला स्क्वॉन्डरर, 1977चा इंडियन डर्बीविजेता, 19 पैकी 18 जिंकलेला. काका क्षणभर विरघळले. मग म्हणाले, "एक हरला ना? तिथं समोर कोण होतं, ते शोध."

हा रोग तबेल्याबाहेरही पसरला. शेजारची मुलगी शाळेत पहिली आली, पेढा तोंडात टाकता टाकता काकांनी विचारलं, "वर्गात कोण कोण होतं?" सोसायटीचा अध्यक्ष बिनविरोध निवडून आला, तेव्हा तर त्यांनी पेढाही नाकारला. 1638 साली विजापूरच्या फौजेनं बेंगळूर घेतलं आणि शहाजीराजांना जहागीर मिळाली, ते मात्र त्यांना मंजूर आहे. "समोर केंपेगौडा होता!"

एकाच घोड्यावर ते वाद घालत नाहीत: सेक्रेटेरिएट. 1973ची बेलमाँटची शर्यत 31 लांबींनी जिंकणारा. मला वाटलं, त्या 31चा महिमा. छे! "अरे, केंटकी डर्बीत शॅम होता मागे. फक्त अडीच लांबी! प्रीकनेसला पुन्हा तोच दुसरा. बेलमाँटला निम्म्या वाटेपर्यंत खांद्याला खांदा लावून पळाला आणि फुटला. शेवटचा आला. पुन्हा कधी शर्यतीत उतरला नाही." काकांचा आवाज जरा खाली आला. "दुसऱ्या कुठल्या साली जन्मला असता, तर आज त्याचे पुतळे असते."

तेव्हा कुठं कळलं, की इतकी वर्षं हा गृहस्थ जिंकणाऱ्याला टोमणे मारत नव्हता, हरलेल्यांची विचारपूस करत होता. ऑफिसात त्यांची बढती कायम एका जागेनं हुकली, हे काकूंकडून ऐकलं होतं; काकांनी कधी काढलं नाही.

परवा मंडळाच्या कॅरम स्पर्धेची अंतिम फेरी ते इंजिनिअरिंगच्या एका पोराकडून हरले. पोरगं ओशाळून म्हणालं, "काका, नशीब होतं हो."

काकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "नशीब कसलं? सांग सगळ्यांना. समोर मी होतो."