जरा पाठ टेकते

आपल्याकडे बाईला थकायचं असेल तर पुरावा द्यावा लागतो. ताप असेल तर तो थर्मामीटरवर दिसला पाहिजे, पाय मुरगळला असेल तर तो सुजला पाहिजे, ऑपरेशन झालं असेल तर टाके असले पाहिजेत. मग घरातली मंडळी मोठ्या मनाने म्हणतात, ‘राहू दे, आज नुसती खिचडीच टाक.’ पण अंगात त्राण नाही, सकाळी उठतानाच रात्रीचे दहा वाजल्यासारखं वाटतंय, याचा कागद कुठून आणायचा? आणि कागदाशिवाय खिचडी मंजूर होत नाही.

पाळी जायच्या वयात घाम फुटतो आणि चिडचिड होते, एवढं मी ऐकून होते. पण डोंबिवलीहून रोज सकाळी फास्ट लोकल पकडणाऱ्या बाईला या दोन्ही गोष्टी विसाव्या वर्षापासून होत असतात. त्यामुळे माझ्या बाबतीत प्रकरण नेमकं कधी सुरू झालं, ते सांगता येत नाही. लेडीज डब्यात सगळ्याच घामाघूम असतात. त्यातला कुणाचा घाम गर्दीचा आणि कुणाचा इस्ट्रोजेन हे हार्मोन उतरल्याचा, हे ब्रह्मदेवालाही ओळखता येणार नाही. संशय आला तो एसी लोकलमध्ये. सगळ्या बायका ओढण्या लपेटून बसलेल्या आणि मी एकटी पर्सने वारा घेत उभी. समोरच्या सीटवरची माझ्याच वयाची बाई माझ्याकडे बघून नुसती हसली आणि सरकून तिने मला चौथी सीट दिली. इतकं अचूक निदान पुढे कुठल्या डॉक्टरनेही केलं नाही.

घामाचं एक वेळ चालतं, तो पुसता येतो. पण तो रात्री येतो आणि झोप घेऊन जातो. मेंदूत हायपोथॅलॅमस नावाची एक जागा आहे, अंगाचं तापमान सांभाळणं हे तिचं खातं. इस्ट्रोजेन कमी झालं की ही बाई हळवी होते. तापमान जरा कुठे वर सरकलं की तिला वाटतं, घराला आग लागली. मग कातडीतल्या रक्तवाहिन्या उघडायच्या, घाम सोडायचा, छाती धडधडवायची, अशी सगळी धावपळ. दोन-चार मिनिटांत आग नव्हतीच असं लक्षात येतं, आणि तोवर भिजलेल्या गाऊनमध्ये थंडी वाजायला लागलेली असते. या काळात आमच्या पंख्याचा रेग्युलेटर एकवरून पाचवर आणि पाचवरून एकवर जात असतो. शेजारी आमचे हे डोक्यावरून गोधडी घेऊन झोपलेले. ‘बंद कर गं, हुडहुडी भरलीय,’ एवढंच काय ते संभाषण. एकदा जाग आली की तीन वाजता डोकं असं काही लख्ख चालतं की विचारू नका. जावेच्या मुलाच्या मुंजीत आपल्याला कुठली साडी मिळाली आणि मोठ्या जावेला कुठली, हे पदराच्या काठासकट आठवतं. ऑफिसात सकाळी अकरा वाजता मात्र समोरच्या माणसाचं आडनाव आठवत नाही.

तर अशी मी गळून गेलेय, हे बिल्डिंगमध्ये कसं कोण जाणे पसरलं आणि उपाय यायला लागले. थकव्यावरचे यच्चयावत उपाय दमवणारे आहेत, हा शोध मला तेव्हा लागला. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी डिंकाचे लाडू सुचवले. आता डिंक तळून फुलवायचा, खारीक कुटायची, खोबरं किसून भाजायचं, गूळ चिरायचा. डिंकाचे लाडू करण्याइतकी ताकद यायला आधी डिंकाचे लाडू खाल्लेले असावे लागतात. ऑफिसातल्या एकीने पहाटे साडेपाचचा योगवर्ग सांगितला. जी बाई तीन ते पाच टक्क जागी असते आणि पाच वाजता कुठे जिचा डोळा लागतो, तिला साडेपाचला उठवणं याला योग म्हणत नाहीत. लेकीने पुण्याहून व्हिडिओ पाठवला : रोज रात्री वहीत तीन अशा गोष्टी लिहायच्या, ज्यांबद्दल मनात कृतज्ञता वाटते. मी लिहिलं : पाणी आलं, बाई आली, गाडी आली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी बाई आली नाही, तेव्हा भांडी घासणं वहीच्या आड आलं.

विज्ञानाकडे सहानुभूती मिळेल म्हणून वाचायला गेले, तर तिथेही कामच. प्रजनन थांबल्यावर पुढे पुष्कळ वर्षं जगणाऱ्या माद्या प्राणिसृष्टीत फार थोड्या. त्यात आपण आहोत आणि काही जातींचे देवमासे. ओर्का देवमाशांत म्हणे वीण थांबलेल्या म्हाताऱ्याच कळपाच्या पुढे असतात, आणि सामन मासे कमी पडतात त्या वर्षी तर जास्तच, कारण मासे कुठे मिळतील हे त्यांनाच ठाऊक. आजीने नातवंडांच्या पोटापाण्याचं बघावं म्हणून निसर्गाने ही सोय केली असावी, असा एक सिद्धांत आहे. म्हणजे पॅसिफिक महासागरातही ‘आई, आज जेवायला काय?’ चुकलेलं नाही.

सरकारचं मात्र उलट. आपल्याकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण होतं, त्याच्या पाचव्या फेरीत हिमोग्लोबिनसाठी बायका मोजल्या त्या १५ ते ४९ वयाच्या. यातल्या ५७ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. मी हे वाचून विचारात पडले ते वेगळ्याच कारणाने. आपल्याकडे पाळी जायचं सरासरी वय ४६-४७ च्या आसपास. म्हणजे आमचं दमणं रंगात येतं न येतं तोच सरकारी वही बंद. पन्नाशीच्या बाईचं रक्त किती, हे तिथे कुणी विचारलं नाही.

आणि ज्यांना थकणं परवडतच नाही, त्यांचं काय? ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याने मुकादमाकडून उचल घेतलेली असते. एक दिवस कोयता चालला नाही तर खाडा पडतो, आणि त्याचे पैसे वर कापले जातात. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये शासनाच्या समितीने ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली, तेव्हा १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. पिशवीबरोबर बीजांडकोशही गेले, तर तिशी-पस्तिशीतच एका रात्रीत पाळी जाणं आलं, आणि दुसऱ्या दिवशी मोळी उचलायची आहेच. माझ्या पंख्याच्या रेग्युलेटरची गोष्ट त्यांच्यापुढे सांगायची मला लाज वाटेल. इथे मी सांगतेय, कारण हे वाचणारीला बहुधा निदान पंखा तरी आहे.

शेवटी डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘अंगावर किती जातंय?’ पाळी जाताना ती कधी दोन महिने तोंड दाखवत नाही आणि मग आली की धो-धो जाते, हे मी सगळ्यांसारखंच अंगावर काढलं होतं. त्यांनी रक्त तपासलं. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या वर असावं, माझं ९ च्या घरात. वर थायरॉईड मंदावलेला. आणि आम्ही पिढीजात शाकाहारी म्हणून बी-१२ सुद्धा तळाला. सगळं ‘वयाचं आहे गं’ या एका खुंटीला टांगलं होतं, त्यातलं निम्मं गोळीने जाण्यासारखं निघालं. हार्मोनच्या गोळ्यांचंही मी विचारलं. त्या म्हणाल्या, २००२ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाने सगळ्या जगाला धास्ती घातली होती, पण त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. पन्नाशीच्या आतबाहेर हिशेब वेगळा असतो. घरात कुणाला स्तनाचा कॅन्सर, कुणाला रक्ताच्या गुठळ्या, हे सगळं विचारून मग ठरवतात. सरसकट हो नाही आणि सरसकट नाहीही नाही.

तो रिपोर्ट मी फ्रिजवर लावला. खिचडीचा कागद मिळाला होता.

पण गोळ्या घेणं ही स्वतंत्र नोकरी आहे. थायरॉईडची गोळी उपाशीपोटी, पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा ते एक तास चहा नाही. लोहाची गोळी चहाच्या आगेमागे नाही, कारण चहा लोह अंगी लागू देत नाही. कॅल्शियम लोहाबरोबर नाही. थायरॉईडच्या गोळीनंतर चार तास लोहही नाही आणि कॅल्शियमही नाही. रविवारच्या मेगाब्लॉकमध्ये अप धीम्या गाड्या अप जलद मार्गावर वळवतात, ते वेळापत्रक याहून सोपं असतं. जेवणानंतरचा चहा सुटला, हे दुःख मी कुणाजवळ बोलत नाही. लोहाच्या गोळीवर लिंबूपाणी पिते, त्यातल्या सी जीवनसत्त्वाने लोह नीट शोषलं जातं. लिंबूपाणी पिऊन कुणाला तरतरी येते म्हणतात, पण चहा तो चहा.

डॉक्टरीणबाईंनी वजनं उचलायलाही सांगितलं, या वयात स्नायू आणि हाडं दोन्ही भराभर कमी होतात म्हणून. सोसायटीच्या जिममधला मुलगा पहिल्याच दिवशी ओरडला, ‘मावशी, एनर्जी दिसू दे!’ एनर्जी असती तर मी इथे कशाला आले असते, बाळा? तरी जाते. आणि लिहिताना माझा जळफळाट होतोय, पण व्यायामाने खरंच बरं वाटतं. थकलेल्या माणसाने आणखी थकावं म्हणजे थकवा जातो, असं निसर्गाचं तर्कशास्त्र. निदान झोप तरी लागते.

सगळ्यात उपयोगी उपाय मात्र घरातच निघाला. सासूबाई सुरुवातीला सारखं म्हणायच्या, ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं.’ एकदा दुपारी दोघीच होतो, तेव्हा मी विचारलं, ‘आई, तुम्हाला खरंच काही झालं नाही? घाम, झोप नाही, काही?’ त्या थोडा वेळ गहू निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘अगं, मी चातुर्मासात मौन धरायचे ना.’

‘त्याचं काय?’

‘दुपारी एक ते चार. देवघराचं दार लोटून. तुझे सासरे, दीर, कुणाची हाक मारायची छाती व्हायची नाही. व्रत मोडलं तर पाप लागेल ना त्यांना.’

‘आणि आत तुम्ही जप करायच्या?’

‘पहिली माळ करायचे,’ त्या म्हणाल्या. ‘मग पाटावरच उशी घ्यायचे.’

मी थक्क झाले. आख्ख्या आळीत सासूबाईंच्या मौनव्रताचा दबदबा होता. चातुर्मास चार महिन्यांचा असतो, त्यांनी तो सलग काही वर्षं पाळला, आणि मला वाटतं आळीतल्या पुष्कळ जणींचा असाच होता. भजनी मंडळं, पोथ्या, सोळा सोमवार; बाईला घरात एकटं बसायला देवाशिवाय कोण परवानगी देणार? आम्ही शिकलो, देव जरा बाजूला ठेवला, आणि दुपारचं लोटलेलं दार त्याच्याबरोबर घालवून बसलो.

आता आमच्या घरी संध्याकाळी साडेसात ते आठ मौन असतं. दोघीही धरतो. पहिल्या दिवशी ह्यांनी दाराबाहेरून विचारलं, ‘कुठल्या देवाचं आहे हे?’ उत्तर अर्थातच मिळालं नाही. चौथ्या दिवशी कुकरच्या शिट्ट्या ऐकू आल्या. वरण जरा पातळ होतं, पण कागद न दाखवता मिळालं होतं.

चाळिशी उलटलेल्या मैत्रिणींनो, ‘वयाचं आहे’ म्हणून सोडून देऊ नका; हिमोग्लोबिन, थायरॉईड आणि बी-१२ एकदा तपासून घ्या, आणि एकदा थांबलेली पाळी वर्ष उलटल्यावर पुन्हा दिसली, तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. माझ्याशी बोलायचं असेल तर आठनंतर फोन करा.