भिंतीवरची चौकट

निरोगी इमारतींसाठी २०१४ मध्ये ‘वेल’ हे मानक आलं. जबाबदार एआयसाठी डिसेंबर २०२३ मध्ये ‘आयएसओ ४२००१’. दोन्ही ऐच्छिक. म्हणजे परीक्षेला बसायचं की नाही हे विद्यार्थीच ठरवणार आणि फीही तोच भरणार. तरी फरक आहे. ‘वेल’चा तपासनीस यंत्र घेऊन येतो, खोलीतल्या हवेतली धूळ मोजतो, नळाचं पाणी तपासतो. ४२००१ चा ऑडिटर फायली उघडतो. धोरण आहे? जोखमीची नोंद आहे? सही कुणाची? हे मानक कारभाराचं. एआय उद्या काय बरळेल, याची हमी त्यात नाही. तेव्हा भिंतीवरच्या प्रमाणपत्राची चौकट पाहून हुरळू नका. इमारतीत एक खोल श्वास घ्या, एआयला दोन आडवे प्रश्न विचारा.