लॉकरमधला कोळसा

रसायनशास्त्र शिकलेल्या नवऱ्याला सराफाकडे नेऊ नये, असं आमच्या सौभाग्यवतींचं ठाम मत आहे. अंगठीतल्या अर्ध्या कॅरटच्या खड्याकडे बघून मी फक्त "शंभर मिलिग्रॅम कार्बन" एवढंच म्हणालो होतो. दुकानातला मुलगा हसला. ही हसली नाही.

मुलाने पेनासारखं एक यंत्र खड्याला टेकवलं. ते टूं टूं वाजलं. "बघा काका, असली." आता काका गप्प बसतात होय? हे पेन खड्याची चमक बघत नाही, कडकपणाही नाही. खडा उष्णता किती चटकन ओढतो ते बघतं. हिरा तांब्याच्या चार-पाच पट उष्णता वाहून नेतो आणि विजेला मात्र दारातूनच परत पाठवतो. त्याच कार्बनचं ग्राफाइट वीज खुशाल नेतं, पण नखानेसुद्धा ओरखडतं. हिऱ्यातला प्रत्येक अणू चहूकडच्या चार अणूंना गच्च धरून बसलेला. ग्राफाइटमधला तिघांनाच धरतो, तेही एकाच पातळीत. चौथा इलेक्ट्रॉन हिंडायला मोकळा. थरावर थर नुसते टेकलेले, जरा रेटलं की घसरतात. मोइसनाइट नावाचा खडा या पेनालाही चकवतो, हे सांगायला मी तोंड उघडलं, तेव्हा काउंटरखाली माझ्या पायावर पाय पडला.

हिरा जळतो, हे तर मी बोललोच नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस फ्लॉरेन्समध्ये भल्यामोठ्या भिंगाखाली हिरे धरून त्यांची वाफ केली गेली. हिरे ड्यूकसाहेबांचे होते, त्यामुळे प्रयोग मनसोक्त झाला. पुढे १७७२ मध्ये लाव्हाझिएने तेच केलं, आणि १७९७ मध्ये स्मिथसन टेनंटने दाखवून दिलं, की सारख्या वजनाचा हिरा आणि कोळसा जाळला तर वायू तोच आणि तेवढाच निघतो. कोळसा उगाळावा तितका काळाच, हे खरं. पण जाळला तर हिऱ्याच्या पंक्तीला बसतो.

त्यात नेहमीच्या तापमानाला आणि दाबाला कार्बनचं स्थिर रूप ग्राफाइट हे आहे. म्हणजे लॉकरमधला हिरा तत्त्वतः शिसपेन्सिलीच्याच वाटेला लागलेला आहे. वाट अब्जावधी वर्षांहून लांबची, म्हणून बँकवाले निवांत.

माझा जीव ग्राफाइटवर. कुलूप अडलं की शिसपेन्सिलीचं टोक किल्लीवर घासावं, थर सरकतात, कुलूप मुकाट्याने फिरतं. हिऱ्याने हे काम करून दाखवावं! लहानपणी आम्ही रेडिओचे संपलेले सेल दगडाने फोडायचो. वरची पितळी टोपी उडवायची, काळा चिकट भुगा कोपरापर्यंत माखून घ्यायचा आणि आतून कार्बनची कांडी उपसायची. तिने वाड्याच्या भिंतीवर स्टंप काढले, की पुसता पुसले जात नसत.

पुढे २००४ मध्ये मँचेस्टरला गाइम आणि नोव्होसेलोव्ह या दोघांनी ग्राफाइटला चिकटपट्टी लावली, ओढली, पुन्हा लावली, पुन्हा ओढली, आणि एका अणूइतक्या जाडीचा थर सोलून काढला: ग्राफीन. २०१० साली त्यांना नोबेल मिळालं. थर आम्हीही काढतच होतो, भिंतीवर. आम्हाला घरमालकांकडून धपाटे मिळाले आणि चुन्याची बादली.