कंप्रेसर जपानी आहे

एसी बदलू न देणारे काका प्रत्येक सोसायटीत एक तरी असतातच. मोठ्या सोसायटीत ते विंगेगणिक आढळतात. निवृत्ती वीज मंडळातून, रेल्वेतून किंवा बँकेतून. बेडरूमच्या खिडकीत पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा दीड टनी विंडो एसी. त्याविषयी कोणतीही तक्रार केली तरी उत्तर ठरलेले : "कंप्रेसर जपानी आहे." खडखड होते? कंप्रेसर जपानी आहे. पाणी गादीवर गळते? कंप्रेसर जपानी आहे. रात्रभर तळमळलेल्या जावयाला सकाळी पोह्यांबरोबर हीच माहिती मिळते. हा कंप्रेसर आजवर कुणी उघडून पाहिलेला नाही. तो काळ्या डब्यात सीलबंद असतो आणि श्रद्धेला तेवढे पुरते.

काकांची खरी ओळख म्हणजे निळी फाइल. तीत वॉरंटी कार्ड, सर्व्हिसिंगच्या तारखा आणि प्रत्येक सुट्या भागाची पावती. काही पावत्या थर्मल कागदावरच्या असल्याने पार कोऱ्या झाल्या आहेत. तरी काका त्या काढून वाचून दाखवतात, कारण त्यांना पाठ आहेत.

निदानात मात्र त्यांचा हात धरणारा नाही. एसी लावल्यावर आत नुसतीच घरघर झाली, थंड हवा आली नाही, तर आधी कॅपॅसिटर बघायचा. काहीशे रुपयांचे काम. थर्मोस्टॅट, फॅन मोटर इथवरही दुरुस्तीच शहाणपणाची. प्रकरण जड होते कूलिंग कॉइलपाशी. मुंबई-ठाण्यात खाडी-नाल्यांच्या काठी हवेतला हायड्रोजन सल्फाइड तांबे खातो, कॉइलला बारीक भोके पडतात आणि एसीवाला जाहीर करतो, "गॅस संपलाय." मग काका उसळतात. "संपायला तो काय सिलिंडर आहे? बंद नळीत फिरतो. कमी झाला म्हणजे गळतोय. आधी गळती शोध, मग भर!" हे शंभर टक्के खरे आहे. त्यापुढचे वाक्य जपानविषयी असते.

त्या जुन्या यंत्रात भरलेला असतो आर-२२. ओझोनचा थर विरळ करणारा हा वायू नव्या यंत्रांच्या उत्पादनात वापरणे भारतात १ जानेवारी २०२५ पासून बंद झाले. सर्व्हिसिंगपुरता तो मिळतो, पण पुरवठा आटत जाणार. त्याच्या जागी आर-३२ भरून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे : त्याचा दाब जास्त, तो पेट घेऊ शकतो आणि जुने यंत्र त्यासाठी घडवलेलेच नसते.

घरातला विरोधी पक्ष म्हणजे मुलगा. तो व्हिडिओ कॉलवर रूढ ठोकताळा सांगतो : यंत्र दहा वर्षांचे झाले आणि दुरुस्ती नव्याच्या निम्म्या किमतीवर गेली की बदलावे. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय. "दहा टक्क्यांसाठी जपानी कंप्रेसर देऊ?" मग विजेचा हिशेब. जुना एसी तासाला दीडेक युनिट ओढतो, नवा पंचतारांकित इन्व्हर्टर सरासरी अर्ध्याच्या आसपास. नव्याच्या लेबलवरचा वार्षिक आकडा मात्र १,६०० तासांच्या वापरावर काढलेला असतो. काका एसी लावतात तो एप्रिल-मे महिन्यांत, जेवणानंतर दोन तास, वर पंखा. वर्षाला दीडशे तासही भरत नाहीत. एवढ्या वापरात वाचलेल्या विजेतून नव्या एसीची किंमत वसूल व्हायला काकांना शंभरी गाठावी लागेल. थोडक्यात, ज्यांना सगळे हट्टी म्हणतात त्यांचे गणित बरोबर असते. हे कबूल करणे कुणालाच आवडत नाही.

मे महिन्यात एसीवाले चार-चार दिवस फिरकत नाहीत. तेव्हा तिसऱ्या मजल्यावर तान्हे बाळ असलेल्या घरी टेस्टर घेऊन जातात ते काकाच. फिल्टर काढून नळाखाली धुतात, वाळवून बसवतात आणि कुणीतरी सांगितलेला काही हजारांचा खर्च वाचवून चहाही न घेता निघतात. जपानचा उल्लेख करतात, पण जिन्यात.

शेवटी कॉइल जाते, तशी मिळत नाही आणि मुलगा परस्पर नवा स्प्लिट मागवतो. भंगारवाला जुना वजनावर नेतो. जपानी म्हणून किलोमागे रुपयाही चढवून देत नाही. नव्याला वर्षभर फ्री सर्व्हिसिंग असते. कंपनीचा गणवेशातला मुलगा येतो, ओटीपी मागतो, "चहा नको" म्हणतो आणि वीस मिनिटांत जातो. जुना एसीवाला दोन तास बसे. गावचा पाऊस, बहिणीचे लग्न, उचल घेतलेले पैसे, सगळे काकांना सांगे. इतक्या वर्षांच्या पावत्यांत त्याचाही हिशेब होता, फक्त तो मुलाच्या एक्सेलमध्ये मावला नसता.

होळीनंतर जुन्या एसीवाल्याचा फोन येतोच, "काका, सर्व्हिसिंगला कधी येऊ?" काका नव्या एसीबद्दल अवाक्षर काढत नाहीत. "ये रविवारी," म्हणतात. "फ्रीजचं दार जरा सैल वाटतंय."