तक्रार कुणाकडे करायची, मालक?

मा. संचालक,
‘आपला बाऊल आपणच बनवा’ उपाहारगृह (नियोजित),
टिळकवाडी, बेळगाव.



पोके बाऊल नावाचं हवाईयन खाणं मोठ्या शहरांतून फिरत फिरत एक दिवस बेळगावात उतरणार आणि त्याची शाखा हायवेला निपाणीजवळही निघणार, हे गृहीत धरून हे अभिनंदनाचं पत्र आगाऊच पाठवत आहे. आपली पद्धत आम्हांला ठाऊक आहे. काचेमागे स्टीलची भांडी ओळीनं मांडलेली, अलीकडे गिऱ्हाईक, पलीकडे हातमोजे घातलेला पोरगा. तळाला भात की पाला, त्यावर मासा की पनीर, मग काकडी, मका, गाजर, शेवटी सॉस. गिऱ्हाइकानं बोट दाखवायचं, पोरानं टाकायचं. समजा आपण चार तळ ठेवले, पाच प्रकारचे मासे-पनीर, पंधरा जिन्नसांतून कुठलेही पाच आणि सहांपैकी एक सॉस. हिशोब केला तर ३,६०,३६० वेगवेगळे बाऊल होतात. बेळगावच्या किल्ल्यातलं कमल बस्ती हे जैन मंदिर १२०४ च्या सुमारास उभं राहिलं. त्या दिवसापासून रोज एक बाऊल खात आलेला माणूस आजही शेवटच्या बाऊलपर्यंत पोचला नसता. एवढ्या प्रकारांतले किती खाण्याजोगे, हे मात्र आपल्या फलकावर कुठेच नसेल. ते शोधण्याचं काम आमचं.

आणि इथेच आपली खरी हुशारी आहे. आपण तक्रारच मोडीत काढलीत. आमच्या खानावळीत रस्सा खारट झाला की गिऱ्हाईक पहिल्या घासाला मान वर करतं. मालक गल्ला सोडून येतो, ‘आज हात चुकला बघा’ म्हणतो आणि ताटात न मागता दह्याची वाटी ठेवून जातो. भाकरी, भरली वांगी, शेंगाचटणी, रस्सा हे सगळं एका माणसाच्या अंदाजानं शिजलेलं असतं आणि तो अंदाज चुकला तर चूक कुणाची, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक असतं. आपल्याकडे अननसावर तिखट मेयोनीज आणि त्यावर आल्याचं लोणचं पडून घास गिळेनासा झाला, तरी बोलायचं कुणाला? बोट आमचंच होतं ना!

पण मालक, गाव निवडताना आपण जरा चौकशी करायला हवी होती. तक्रार हा इथला पिढीजात ऐवज आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत हा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. १९६६ मध्ये या सीमावादावर महाजन आयोग नेमला गेला. पुढच्या वर्षी त्यानं निपाणी महाराष्ट्राला द्यावी आणि बेळगाव शहर आहे तिथेच ठेवावं, असं सुचवलं. महाराष्ट्रानं ते मानलं नाही, २००४ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. घाटाखाली गोव्याला १६ जानेवारी १९६७ रोजी मत तरी विचारलं गेलं. आम्हांला राज्य निवडायला कुणी विचारलं नाही, आता सॉस निवडायला मिळणार म्हणून आम्ही हुरळून जावं, अशी आपली अपेक्षा दिसते. होय की, हुरळूही. पण ज्यांनी एक तक्रार तीन पिढ्या जिवंत ठेवली, त्यांच्याकडून तक्रारीचा हक्क वाटीभर मक्याच्या बदल्यात काढून घेणं जरा महागात पडेल.

आपण म्हणाल, पोकेची परंपराच अशी. नाही. हवाईचे कोळी ताज्या माशाचे तुकडे करत आणि त्यांना समुद्राचं मीठ, शेवाळ आणि भाजून कुटलेल्या कुकुईच्या बिया चोळत. सोया सॉस आणि तिळाचं तेल पुढे आशियातून तिथे गेलेल्या मजुरांमुळे आलं. आजही तिथल्या दुकानांत पोके बहुधा कालवून, मुरवून ठेवलेला आणि वजनावर विकला जातो. मीठ किती आणि किती वेळ मुरवायचं, हे विकणारा ठरवतो. काउंटरवर बोट दाखवून मुरणं विकत मिळत नाही, त्याला वेळच लागतो. बोट दाखवत पुढे सरकायची रांग नंतर अमेरिकेच्या मुख्य भूमीवर या खाण्याला चिकटली. तेव्हा आपण परंपरा आणत नाही आहात, परंपरेतला स्वयंपाकी वजा करून बाकी आणता आहात.

कुणी सुशिक्षित या पत्रावर म्हणेल की फार पर्याय असले की माणूस गोंधळतो, एवढंच तुमचं म्हणणं. तसं नाही. २००० साली अय्यंगार आणि लेपर यांचा जॅमचा प्रयोग गाजला. टेबलावर सहा जॅम असताना थांबलेल्यांपैकी सुमारे ३० टक्क्यांनी खरेदी केली, चोवीस असताना जेमतेम ३ टक्क्यांनी. पण २०१० मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्र हिशोब झाला तेव्हा हा परिणाम सरासरीनं शून्याजवळ आला. म्हणून त्या आधारावर मी उभा राहत नाही. आपल्या जास्त कामाचा अभ्यास २०१२ चा, नॉर्टन, मोचॉन आणि एरिएली यांचा. माणूस स्वतः जोडलेल्या खोक्याची किंमत उगाचच जास्त लावतो, असं त्यांना आढळलं. म्हणजे बेचव बाऊलसुद्धा आम्ही कौतुकानं संपवू, फोटो काढून चार जणांना पाठवू.

यावर निपाणीचा माणूस म्हणेल, आपलं आपण बनवणं आम्हांला कुणी शिकवायला नको. डाव्या तळहातावर तंबाखू, नखानं काढलेला चुना, अंगठ्यानं मळायचं, दोन थापट्या मारून धूळ उडवायची. खरंच, ही त्या गावची अस्सल ‘स्वतः बनवा’ पद्धत. (प्रकृतीच्या दृष्टीनं तिची शिफारस करत नाही.) पण तिथे जिन्नस दोन आणि सराव जन्माचा. भेळवाला तर एकच विचारतो, ‘तिखट का मध्यम?’ बाकीचं त्याचा हात बघतो.

एक आक्षेप मात्र वजनदार आहे. जैन काय करतील, उपासवाले काय करतील, शेंगदाणा सोसत नाही ते काय करतील? त्यांना नेमकं नको ते टाळायची सोय हवी, आणि ती आपण देता, कबूल. पण या भागात जैन वस्ती जुनी आहे. कांदा-लसूण नसलेला रस्सा म्हणजे नेहमीच्या रश्श्यातून कांदा उपसणं नव्हे. त्याची फोडणी वेगळी, त्याचं वाटण वेगळं, ते करणाऱ्याला यावं लागतं. आपल्याकडे जैन गिऱ्हाइकाला नुसती दोन भांडी ओलांडून पुढे जायला सांगतील.

तेव्हा एवढंच करा. त्या ३,६०,३६० मधला एक बाऊल आपण स्वतः ठरवून, मुरवून, नाव देऊन विका. तो वाईट निघाला तर गल्ल्यावरून उठा. उरलेल्यांचं आम्ही बघून घेऊ. मात्र त्यांच्या बिलावर सेवा शुल्क लावू नका. ते आपोआप आकारता येत नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्येच बजावलं आहे. आणि तरी लावायचंच असेल तर आधी एक ठरवा, त्या काउंटरवर सेवा नक्की कुणी कुणाची केली. निकाल आमच्या बाजूनं लागला तर रक्कम रोख चालेल.



आपला,
एक भावी गिऱ्हाईक आणि आचारी