मुक्तीनंतरचा केर

चिरंजीवांच्या हट्टापायी परवा एका परग्रहाच्या मुक्तिसंग्रामास आम्ही चित्रपटगृहात जातीने हजर राहिलो. परकीय अंमलाखाली पिचलेली रयत, तिच्या माथ्यावर घिरट्या घालणारे गनिमाचे आरमार आणि ऐन वेळी कोठूनसे प्रकटणारे मुक्तिदात्यांचे आरमार, सर्व काही यथासांग पार पडले. निर्वात पोकळीत तोफा कडाडल्या, याबद्दलही आमची हरकत नाही. तिकिटाचे पैसे माणूस आवाजासाठीच देतो. आमची तक्रार केराबद्दल आहे.

गलबते फुटली, गनिमाची तशीच मित्रांचीही, आणि त्यांच्या ठिकऱ्या पडद्याच्या चौकटीबाहेर जाताच लेखकाच्या दप्तरी त्यांची नोंद बंद झाली. वस्तुतः ग्रहाभोवती फिरणारे जहाज फुटले, तरी त्याचे बहुतेक तुकडे फिरतच राहतात, आणि आपल्या पृथ्वीलगत हा वेग सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या आसपास असतो. १९८३ साली मिलिमीटरभरही नसलेल्या रंगाच्या एका कपचीने एका अवकाशयानाच्या खिडकीला खळगा पाडला व ती काच बदलावी लागली. २००९ साली सैबेरियाच्या वर सुमारे ७९० किलोमीटरवर दोन उपग्रह, त्यांतला एक केव्हाच निकामी झालेला, एकमेकांवर आदळले, तेव्हा जमिनीवरून पाळत ठेवता येईल एवढ्या मोठ्या तुकड्यांचीच संख्या दोन हजारांच्या घरात गेली. हा दोन उपग्रहांचा हिशेब. दोन आरमारांचा वाचकांनी करावा.

म्हणजे जुलमी राजवटीचा पहारा उठला आणि त्याच्या जागी जो बसला तो लाच खात नाही, पेंगत नाही, अर्ज स्वीकारत नाही, आणि पुरेशा उंचीवर असेल तर शतकानुशतके बदलीवरही जात नाही. पूर्वी चौकीदाराच्या हातावर काही टेकवून एखादे मालवाहू गलबत निसटत असे, आता स्वतंत्र रयतेची एक ढोली तांदूळसुद्धा बाहेर जाणे नाही की मिठाचा खडा आत येणे नाही, आणि ज्या सेनापतीने हा पराक्रम गाजविला तो पदके वाटून, पुष्पवृष्टी झेलून, त्याच केरातून आपले जहाज ओरखडाही न उठता बाहेर काढून पुढच्या ग्रहाच्या मुक्तीस रवाना होतो, कारण मुक्ती करणाराने मागे झाडू घेऊन थांबावे असा प्रघात या विश्वात कोठेच नाही. निदान आमच्या गल्लीत तरी नाही, जेथे दर वर्षी उत्सवाच्या मांडवासाठी भर डांबरी रस्त्यात पहारीने खड्डे पाडले जातात, दहा दिवस भक्तीचा कर्णकर्कश जयघोष होतो, अकराव्या दिवशी खांब उपटले जातात, आणि खड्ड्यांविषयी विचारावयास जावे तर कार्यकर्ते आमच्याकडे धर्मद्रोह्याकडे पाहावे तसे पाहून, ‘काका, उत्सव संपला की आता!’ असे सांगतात. संपला! अरे, तुमचा संपला. आमचा पाय त्यात मुरगळला तो विसर्जनानंतर तिसऱ्या दिवशी, दूध आणावयास जाताना, आणि तो सुजलेला पाय घेऊनच आम्ही तो मुक्तिसंग्राम पाहिला.

चिरंजीवांना चित्रपट फार आवडला. दुसऱ्या भागात आणखी एक ग्रह मुक्त होणार आहे, असे ते सांगतात.

आमच्या दारासमोर खड्डे अकरा आहेत. आज सकाळी पुन्हा मोजले.