तिसरा हवा, पण मंगळवारनंतर

अमेरिकेत तिसऱ्या पक्षाला वाईट म्हणणारा माणूस सहसा भेटत नाही. डेमोक्रॅटांनी निराश केलं, रिपब्लिकनांनी वीट आणला, आता कुणीतरी तिसरा हवा, असं ऑक्टोबरअखेरपर्यंत पुष्कळ जण मनापासून बोलतात. पण मतदान नोव्हेंबरातल्या मंगळवारी असतं आणि त्या मंगळवारी माणूस एकदम व्यवहारी होतो. ‘मत वाया कशाला घालवायचं?’ हे आपल्या पारावरचं वाक्य ओहायोतही तेवढंच चालतं.

१९९२ साली अध्यक्षपदाला उभे राहिलेले टेक्सासचे अब्जाधीश रॉस पेरो यांनी पदरच्या पैशाने टीव्हीवर अर्धा-अर्धा तास विकत घेतला आणि हातात छडी घेऊन देशाच्या कर्जाचे तक्ते समजावून सांगितले. निवडणुकीत तक्ते! तरी लोकांनी पाहिलं. मधेच जुलैत ते मैदान सोडून घरी बसले, ऑक्टोबरात परतले. तरी जवळपास १९ टक्के मतं पडली. मेन राज्यात राष्ट्राध्यक्ष बुश यांचं उन्हाळी घर. तिथे पेरो दुसरे आले आणि बुश तिसरे. एवढं करून राष्ट्राध्यक्ष प्रत्यक्ष निवडणाऱ्या इलेक्टोरल कॉलेजच्या ५३८ मतांपैकी पेरोंच्या पदरात शून्य. बहुतेक राज्यांत पहिला येईल त्याला सगळी मतं, दुसऱ्याला नमस्कार.

२००० साली धाकटे बुश फ्लोरिडात ५३७ मतांनी जिंकले आणि ग्रीन पक्षाच्या राल्फ नेडर यांना तिथे ९७ हजारांवर मतं होती. आपले उमेदवार अल गोर यांची मतं खाल्ली म्हणून डेमोक्रॅटांनी नेडर यांना वर्षानुवर्षं बोल लावले. मला हा राग कळतो, पटत नाही. गोर यांच्या ताटात ती मतं आधीच वाढून ठेवली होती, असं कुणी सांगितलं?

माझा जीव मात्र दारूबंदी पक्षावर. खूण उंट, कारण तो पाण्यावर भागवतो. १८७२पासून दर खेपेला अध्यक्षपदाला यांचा उमेदवार उभा. १९२०ला देशभर दारूबंदी आली, १९३३ला गेली, उंट जागचा हलला नाही. २०१२ साली अख्ख्या देशातून त्यांना पाचशेच्या थोडी वर मतं मिळाली. एवढ्यात आपल्याकडे ग्रामपंचायतीचा सदस्य निवडून येतो.

१९७२ साली लिबर्टेरियन या नव्याकोऱ्या पक्षाने जॉन हॉस्पर्स या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांना उभं केलं. देशभरात चार हजारही मतं नाहीत, पण इलेक्टोरल कॉलेजात चक्क एक! व्हर्जिनियाचे रॉजर मॅकब्राइड हे रिपब्लिकन इलेक्टर. ते आपल्या पक्षाचे उमेदवार निक्सन यांना मत द्यायला निवडले गेले आणि ऐन वेळी प्राध्यापकांना देऊन मोकळे झाले. त्यांच्याच उपाध्यक्षपदाच्या मतामुळे पक्षाच्या उमेदवार टोनी नेथन या इलेक्टोरल मत मिळवणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या. पक्षाने उपकार स्मरून १९७६ला मॅकब्राइड यांनाच उमेदवारी दिली. लोकांची मतं पावणेदोन लाखांच्या घरात गेली. इलेक्टरही एक फुटला. पण तो रोनाल्ड रेगन यांना मत देऊन आला, जे त्या निवडणुकीत उभेच नव्हते.